हळदीच्या पोत्यातला बर्फ

पोरांनो, जरा डोळे मिटा आणि बघा. वसमत, मे महिना, साल दोन हजार तीन. परवा अंगणात मांडव पडणार आहे आणि चाळीस पाहुणे जेवायला येणार आहेत, कारण रत्नपालकाकाला शिक्षकाची नोकरी लागली आहे. आणि दारात कमरेवर हात ठेवून कोण उभं आहे? काकाची सातवीतली पुतणी, साक्षी.

तिचे बाबा अमृतराव बर्फाची लादी सांगायला निघाले होते. साक्षीनं त्यांची सायकलच धरली.

"लादी काहून? फ्रीज काय निस्ता पुसायला घेतला का? बर्फ मी करते."

"चाळीस माणसं हायती बाई. सरबत कोमट निघालं तर माझं नाक जाईल."

"गार न्हाई झालं तर पुन्हा फ्रीजला हात लावणार न्हाई."

ही अट बाबांना फार आवडली. त्यांनी सायकल भिंतीला लावली.

दोन दिवस साक्षी वाट्या आणि डबे गोठवत होती. वाटी उलटी धरून वरून पाणी सोडलं की बर्फ टपकन सुटतो, हे तिनं स्वतःच शोधून काढलं. फ्रीजर गच्च भरला आणि कार्यक्रमाच्या दिवशी सकाळीच लाईट गेली. साक्षी डगमगली नाही. पोत्यात बर्फ टिकतो, हे तिला ठाऊक होतं. तिनं कोठीतलं सगळ्यात जाड पोतं आणलं, बर्फ त्यात भरला आणि तोंड घट्ट बांधलं.

वसमतच्या घरात जाड पोतं कशाचं असतं, ते तुम्ही ओळखलंच असेल.

दुपारी बर्फ लिंबाच्या सरबतात पडला. सरबत झकास गार झालं, आणि पिवळंधमकही. साक्षीनं घोट घेतला. तो खोकल्याचा काढा होता.

"खायचा सोडा टाक," आतेबहीण ऐश्वर्या म्हणाली. "सोड्यानं वास मरतो."

एक चमचा टाकला. नुसताच फेस आला. मग दुसरा, तिसरा, सहावा. फेस बसला तेव्हा, साबण लागलेल्या हळदीच्या डागासारखं, सरबत लालसर झालं होतं.

जनकाबाई आजी डोकावली. "गुलाबाचं केलं व्हय गं?"

"व्हय," साक्षी म्हणाली.

आजीनं पेले भरून मांडवात नेलेसुद्धा.

काकाचे मित्र पुनमचंद यांनी पहिला घोट घेतला. "गार हाय बराबर," ते म्हणाले, "पण कसंतरीच लागून राहिलं." त्यांनी ताटातली लिंबाची फोड पेल्यात पिळली. लाल सरबत सगळ्यांच्या देखत पिवळं झालं.



"माझ्यात पिळून पाहा बरं," शेजारचा म्हणाला. तेही पिवळं झालं. मग काय, ताटाताटांतल्या फोडी संपल्या, आणखी लिंबं चिरली गेली. पाहुणे पेले उजेडात धरून बघत होते. पीत कुणीच नव्हतं, पण सरबत कोमट आहे असंही कुणी म्हणत नव्हतं.

बाबांनी मात्र एका पेल्यात बोट बुडवून हुंगलं. ते साक्षीजवळ आले आणि म्हणाले, "साक्षे, खरं सांग. ह्ये पिण्यासारखं हाय का?"

साऱ्या मांडवानं माना वळवल्या. साक्षीनं बाबांच्या हातातला पेला घेतला, एका दमात रिकामा केला, तोंड पुसलं आणि पेला आजीपुढे धरला, "आजी, अजून दे."