चौथीचा गृहपाठ, मार्फत अवर सचिव

अविनाश दिघे यांच्या मुलीच्या नावापुढे शाळेच्या पोर्टलवर लाल पट्टी आली, तेव्हा ते कॉम्प्युटरपुढे एकटेच होते, हे एक बरं झालं. त्यांनी आधी उठून खिडकीचा पडदा ओढला. दिल्लीच्या द्वारकेतल्या त्या सहाव्या मजल्यावर डोकावायला फक्त कबुतरं होती, पण सरकारी माणसाला प्रतिकूल शेरा कबुतरांनी पाहिलेलाही चालत नाही.

अवनी चौथीत होती. बोलण्यात चुरचुरीत, कोड्यांत पक्की, पण पुस्तक उघडलं की अक्षरं तिच्यापाशी रांगेत यायचीच नाहीत. गेल्या वर्षी तपासण्या झाल्या, डॉक्टरांनी डिस्लेक्सिया असा शब्द लिहून दिला, आणि शाळेने तिला रोज तासभर अर्पिता मॅमच्या खोलीत पाठवायला सुरुवात केली. त्या खोलीत बाराच मुलं घेत आणि बाहेर भलीमोठी प्रतीक्षा यादी होती. अवनीची आई वृंदा हिने हे सगळं शांतपणे स्वीकारलं होतं. "तिला कळतं सगळं, वाचायला वेळ लागतो. तो आपण द्यायचा," एवढंच ती म्हणे. अविनाशरावांनीही ते स्वीकारलं होतं, पण तत्त्वतः. तत्त्वतः स्वीकारलेल्या गोष्टींचं पुढे काय होतं, हे केंद्र सरकारच्या मंत्रालयात वीस वर्षं काढलेल्या सेक्शन ऑफिसरला कुणी सांगायला नको होतं.

पोर्टल शाळेने त्याच वर्षी सुरू केलं होतं. अर्पिता मॅमच्या खोलीतल्या मुलांनी रोज संध्याकाळी घरी वीस मिनिटं एक इंग्रजी वर्कशीट सोडवायचं. आईवडिलांनी शेजारी बसायचं, धीर द्यायचा, पण उत्तर सांगायचं नाही. मुलाचं झालं की 'सेव्ह' दाबायचं, पालकांनी नजर टाकली की 'सेंड'. मग गुण येत आणि गुणांप्रमाणे लाल, पिवळी किंवा हिरवी पट्टी. गुण चांगले आले तर कॉम्प्युटर पुढचं वर्कशीट जरा अवघड निवडायचा. दिघ्यांच्या घरात शेजारी बसायचं खातं वृंदाकडे होतं आणि पासवर्ड अविनाशरावांचा असल्यामुळे 'सेंड'चं खातं त्यांच्याकडे.

पहिल्या दिवशी अवनीला शंभरात अठरा मिळाले. दुसऱ्या दिवशी अविनाशरावांनी 'सेंड' दाबलंच नाही. "उद्या ऑफिसात नीट बघून पाठवतो," ते म्हणाले, आणि वृंदाला वाटलं, नवऱ्याने एकदाचं मनावर घेतलं.

दुसऱ्या दिवशी लंचमध्ये त्यांनी ते उघडलं. त्यांचा इरादा खरंच फक्त बघायचा होता. पण एका उत्तरात दोन अक्षरं मागेपुढे पडली होती, ती त्यांनी जागेवर आणली. ही टंकनदोषाची दुरुस्ती झाली, यात गैर काही नव्हतं. मग शेजारचं उत्तर एकटं पडल्यासारखं दिसायला लागलं. एवढ्यात असिस्टंट खुराना त्यांना लॉनवर पत्ते खेळायला बोलवायला आला. झाडाखाली शेंगदाणे खात पत्ते कुटणं हा त्या सेक्शनचा वर्षानुवर्षांचा नेम होता. खुरानाने स्क्रीनवरची परवाची लाल पट्टी पाहिली आणि तो खुर्ची ओढून बसलाच.

"दिघे साब, अपनी बिटिया और लाल में?" तो म्हणाला. "सेक्शन मर गया है क्या?"

सेक्शन जिवंत होता. त्या दिवशी पासष्ट आले, पट्टी पिवळी झाली. दुसऱ्या दिवशी पलीकडच्या टेबलावरच्या विजयालक्ष्मी मॅडम येऊन मिळाल्या. इंग्रजी व्याकरण ही त्यांची मिरासदारी होती. त्यांनी आधी खुरानाची क्रियापदं दुरुस्त केली आणि मग अवनीची. आठवड्याभरात पट्टी हिरवीगार झाली, पत्त्यांचा अड्डा मोडला, आणि सेक्शनमध्ये रोज दीड वाजता चौथीचा वर्ग भरायला लागला. अवर सचिव शशिकांत झा एके दिवशी ही गर्दी पांगवायला म्हणून आले आणि सहाव्या प्रश्नावर आपलं मत देऊन गेले. दुसऱ्या दिवशी मत द्यायला ते स्वतःहून आले. त्यानंतर दोन मतं पडली की प्रकरण झा साहेबांकडे जाई आणि ते सांगतील तो निर्णय अंतिम असे.

'माझा पाळीव प्राणी' हा निबंध याच मार्गाने गेला. दिघ्यांकडे प्राणी नव्हता. अवनीने आदल्या संध्याकाळी बाल्कनीतल्या कबुतरावर चार ओळी लिहिल्या होत्या, त्या समितीने अपुऱ्या ठरवल्या. नव्या निबंधाचा मराठीत मतलब असा होता: 'उपरोक्त विषयाबाबत सादर करण्यात येते की सद्यःस्थितीत अधोस्वाक्षरीकर्तीकडे कोणताही प्राणी नाही. तथापि, भविष्यात निकड भासल्यास एक कुत्रा ठेवण्याचा प्रस्ताव विचाराधीन आहे.' कॉम्प्युटर फक्त लांबी आणि स्पेलिंग तपासत असल्यामुळे निबंधाला पैकीच्या पैकी मिळाले. खुरानाने समोसे मागवले.

आता एक भानगड सुरू झाली. हिरव्या पट्ट्या पाहून कॉम्प्युटरला वाटलं, मुलगी भलतीच हुशार आहे, आणि तो दर आठवड्याला एकेक पायरी वर चढवत गेला. डिसेंबरपर्यंत देवमासा श्वास कसा घेतो आणि जुन्या पायऱ्यांच्या बावड्यांत पाणी कसं साठवत, यावरचे उतारे यायला लागले. विजयालक्ष्मी मॅडमनी घरून जाडजूड डिक्शनरी आणली. पण सेक्शनच्या आधी, रोज संध्याकाळी, ते उतारे अवनीपुढे यायचे. ती बोट ठेवून, थांबत थांबत, ओठ हलवत वाचायची. वीस मिनिटांची चाळीस मिनिटं व्हायची.

"अहो, एवढं अवघड का देतात हिला?" वृंदाने विचारलं.

"वरून आदेश असेल," अविनाशराव म्हणाले.

"बाबा, आजचं पाठवाल ना?" अवनी रोज झोपायला जाताना विचारायची, आणि ते रोज हो म्हणायचे. हो म्हणताना ते तिच्याकडे न बघता चष्मा पुसायचे, पण दुसऱ्या दिवशी हिरवी पट्टी पाहिली की तेही विसरायचे.

जानेवारीत शाळेचं पत्र आलं. अवनी दिघे सलग तीन महिने हिरव्या पट्टीत असून सरासरी अठ्ठ्याण्णव आहे, सबब तिला विशेष मदतीची गरज उरलेली नाही. सोमवारपासून अर्पिता मॅमच्या खोलीतली तिची जागा यादीतल्या पुढच्या मुलाला मिळेल. शनिवारी पालकसभेत तिला प्रशस्तिपत्र देण्यात येईल आणि पोर्टलचा उपयोग कसा करावा यावर श्री. दिघे दोन शब्द बोलतील.

ते पत्र वाचून कुणीच हसलं नाही. वृंदा म्हणाली की अजून मॅमची गरज आहे हिला, आत्ता कुठे ती वाचायला घाबरेनाशी झाली आहे. अवनीने ताटातली पोळी तशीच ठेवली.

"मी चांगलं केलं म्हणून मला काढतायत?" तिने विचारलं. "मग मी थोडं खराब करू का, बाबा?"

अविनाशरावांना त्या रात्रीचं जेवण गेलं नाही. लाल पट्टी ही नामुष्की आहे असं त्यांना तीन महिने वाटत होतं. खरी नामुष्की म्हणजे काय, ते त्यांना त्या प्रश्नाने कळलं. शुक्रवारी त्यांनी अर्धी रजा टाकली, चार पानी कबुलीजबाब टंकलिखित केला, सोबत परिशिष्ट जोडलं आणि वृंदाला फक्त "शाळेत जाऊ या" म्हणाले.

अर्पिता मॅमने कबुलीजबाब हातात घेतला, पहिली ओळ वाचली आणि बाजूला ठेवला.

"सर, आप डेढ बजे वर्कशीट भेजते हैं," त्या म्हणाल्या. "डेढ बजे अवनी मेरे सामने बैठकर पराठा खाती है."

त्यांना दुसऱ्याच आठवड्यात कळलं होतं. नऊ वर्षांची मुलगी स्वतःला अधोस्वाक्षरीकर्ती म्हणवत नाही, हेही त्यांच्या लक्षात आलं होतं. पोर्टलवरूनच त्यांनी अविनाशरावांना अकरा निरोप धाडले होते. ज्या माणसाच्या टेबलावर आलेलं टपाल तीन दिवसांच्या वर पडून राहत नसे, त्याने ते अकराच्या अकरा उघडलेही नव्हते, कारण तो फक्त पट्टीचा रंग बघत होता. मॅमने प्रिन्सिपल मॅडमनाही सांगून पाहिलं, पण पालकांनी पाठवलेले गुण पालकांनीच मागे घ्यायचे, असा नियम निघाला.

वृंदा आता नवऱ्याकडे वळली. तिचा आवाज चढला नाही, तेच जास्त लागलं.

"मी तिच्याशेजारी रोज गप्प बसत होते," ती म्हणाली. "उत्तर माहीत असून गप्प बसणं किती कठीण असतं, कल्पना आहे तुम्हाला?"

अविनाशराव मान खाली घालून म्हणाले की अवनीचं सगळं काम पुसलं गेलं, आता दाखवायला काही उरलं नाही. त्यावर अर्पिता मॅमने कॉम्प्युटर त्यांच्याकडे वळवला. 'सेव्ह' केलेलं काही पुसलं जात नव्हतं. डाव्या बाजूला अवनीची रोज संध्याकाळची उत्तरं होती, उजव्या बाजूला सेक्शनची. डावी बाजू मॅम रोज तपासत होत्या. सप्टेंबरात अठरा, मग बावीस, एकदा घसरून सोळा, मग तीस. आणि अगदी शेवटी बेचाळीस.

"ये बयालीस छठी क्लास के पेपर के हैं," मॅम म्हणाल्या. "मैं इतना मुश्किल कभी न देती. आपकी मेहरबानी से मिला. पर वो उठी नहीं, सर. एक दिन भी नहीं उठी."

मग त्यांनी त्या शेवटच्या वर्कशीटमधलाच एक प्रश्न दाखवला. म्हाताऱ्याने झाडावरचे शेवटचे चार आंबे का उतरवले नाहीत? उजव्या बाजूला झा साहेबांचा अंतिम निर्णय होता: मनुष्यबळाअभावी. तो चूक होता. सेक्शनचे दोन गुण तिथेच गेले होते. डाव्या बाजूला, अक्षरं मागेपुढे झालेल्या एकाच शब्दात, अवनीने लिहिलं होतं: पोपटांसाठी. ते बरोबर उत्तर अविनाशरावांनी स्वतःच्या हाताने खोडलं होतं. त्यांनी त्या एका शब्दावर बोट ठेवलं आणि तो एकेक अक्षर करत वाचला.

शनिवारी सभागृह भरलं होतं. अवनी पहिल्या रांगेत आईशेजारी बसली होती. आदल्या संध्याकाळीच बाबांनी तिला सगळं सांगितलं होतं. अविनाशराव व्यासपीठावर गेले, खिशातून चार पानं काढली, पण चष्म्याआड पाणी आल्यामुळे त्यांना एकही अक्षर ठिकाणावर दिसेना. पानं त्यांनी परत खिशात घातली.

त्यांनी सरळ सांगितलं. अठ्ठ्याण्णव गुण हे त्यांचे, एका असिस्टंटचे, एका मॅडमचे आणि एका अवर सचिवांचे होते. चौघांनी मिळून ते सरकारी वेळेत मिळवले होते. ते परत घ्यावेत. मुलीचे गुण बेचाळीस आहेत, सप्टेंबरात अठरा होते, आणि ते तिने एकटीने, आईने उत्तर न सांगता, दोन इयत्ता वरच्या पेपरात मिळवले आहेत. तिला मॅमच्या खोलीतली जागा हवी आहे. आपण सेक्शन ऑफिसर झालो त्या दिवशीही आपल्याला इतका अभिमान वाटला नव्हता, असं म्हणून ते थांबले.

सभागृहातल्या पालकांनी एकमेकांकडे पाहिलं. टाळी वाजवावी की चुकचुकावं, हे प्रिन्सिपल मॅडमकडे बघून ठरवावं म्हटलं, तर त्याही प्रशस्तिपत्र हातात धरून उभ्या होत्या. तेवढ्यात पहिल्या रांगेतून अवनी उठली.

"बाबा, तुम्ही लोक चार जण होता ना?" तिने विचारलं.

"हो."

"चौघं मोठे? फिर भी हंड्रेड नाही आले?"

ते मराठी कळायला कुणाला अडचण पडली नाही. सगळं सभागृह हसलं, सगळ्यात मोठ्याने अर्पिता मॅम. प्रिन्सिपल मॅडमनी पेन काढलं, प्रशस्तिपत्रावरचे अठ्ठ्याण्णव खोडून वर बेचाळीस लिहिले आणि खोलीतली जागा कायम राहील असं जाहीर केलं. अविनाशरावांनी प्रशस्तिपत्र हातात घेतलं, नीट पाहिलं आणि सवयीने म्हणाले की खाडाखोडीवर आपली सही हवी. मॅडमनी मुकाट्याने सही केली.

सोमवारी सेक्शनमध्ये बेचाळीस गुणांचे पेढे वाटले गेले. प्रशस्तिपत्र टेबलाच्या काचेखाली गेलं. खुरानाला आकडा वाचून वाईट वाटलं.

"बस बयालीस?" तो म्हणाला.

"अपने बयालीस," अविनाशराव म्हणाले आणि त्याच्या हातावर आणखी एक पेढा ठेवला. झा साहेबांनी पोपटांचं प्रकरण समजून घेतलं आणि आपला निर्णय मागे घेतला. त्यांच्या कारकिर्दीतला तो पहिलाच मागे घेतलेला निर्णय होता.

संध्याकाळी वृंदाने शेजारची खुर्ची अविनाशरावांना दिली. उतारा मुंग्यांवर होता. अवनी बोट ठेवून वाचायला लागली, थांबली, मागे गेली, पुन्हा निघाली. अविनाशरावांचं तोंड तीनदा उघडलं आणि तीनदा मिटलं. पाचव्या प्रश्नापाशी ती त्यांच्याकडे वळली.

"हा तुम्ही करून बघा, बाबा," ती म्हणाली. "मी बसते ना शेजारी."

त्यांनी प्रश्न वाचला. पुन्हा वाचला. मुंगी नेमकं काय करत होती हे त्यांच्या काही केल्या ध्यानात येईना. त्यांनी हळूच लेकीकडे पाहिलं.

"घाबरू नका," अवनी म्हणाली आणि तिने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "टाइम घ्या. पण उत्तर मी सांगणार नाही."