नव्वद अंशांचा व्हायकिंग

त्या सकाळी थापी हातात घेतानाच मी जाहीर करून टाकलं, "आज माझाच चर जिंकणार!"

उत्तर युटलंडमधल्या त्या टेकडीवर आमच्या उत्खननाचे दोन चर सुरू होते. एक माझा, एक आस्गरचा. खणणारे हात मोजकेच. म्हणून आमची प्रमुख विबेके संध्याकाळी एकच चर निवडणार होती. त्यात उद्यापासून सगळे खणणार, दुसरा बुजवून टाकायचा. आणि ज्याचा चर बुजला, त्यानं उरलेला उन्हाळा तंबूत बसून खापरं धुवायची! मी नुकतीच भूगर्भशास्त्राची पदवी घेतली होती. माती माझ्याशी खोटं बोलणार नाही, अशी माझी नम्र समजूत होती.

सकाळच्या कॉफीआधीच चमत्कार झाला. पिवळ्या वाळूत एक गडद कडा उमटली. सरळ! पट्टी लावून पाहिली. सरळच! पुढे ती वळली. कोनमापक लावला. नव्वद अंश!

"आस्गर!" मी किंचाळले. "निसर्ग काटकोन काढत नाही!"

"व्हायकिंगसुद्धा काढत नाहीत, रिक्के," तो त्याच्या चरातून ओरडला. "त्यांची घरं होडीसारखी मध्ये फुगलेली असतात."

"हा हुशार व्हायकिंग होता!"

"मग तो शेजारच्या स्वीडनचा नसणार."

कडेच्या आतली माती कशी, तर केकसारखी भुसभुशीत. अशा नाजूक जागी थापी कशी चालवायची? मी दात घासायचा ब्रश घेतला. निघालेली प्रत्येक चिमूट चाळली. चाळणीत खापर नाही, हाड नाही, कोळशाचा कण नाही! दुसरा कुणी निराश झाला असता. मी सिद्धान्त मांडला.

"हे धान्याचं तळघर आहे! म्हणून इतकं स्वच्छ. ते रोज झाडत असणार!"

"व्हायकिंग पुरुष झाडत होते?" विबेकेनं विचारलं. "माझ्या नवऱ्याला बोलावते, दाखव त्याला."

पण तीसुद्धा वाकून वाकून बघत होती. डबे उघडेपर्यंत माझं तळघर सरदाराचं झालं. राय पावावरची हेरिंग मासळी संपेपर्यंत ते राजाचं झालं. जेवण उरकून आम्ही उठलो, तेव्हा गावच्या पेपरचा वार्ताहर सायकलवरून येताना दिसला. त्याला कुणी कळवलं, हे मी इथे सांगत नाही.

त्याच्या मागोमाग टोरकिल्ड आले. म्हातारे प्राध्यापक, राहायला खालच्याच गावात. ऐन उमेदीत त्यांनी या टेकडीवर खणलं होतं आणि एका प्रचंड महालाच्या कुजलेल्या खांबांच्या काळ्या, गोल खुणा पाहिल्याचं जाहीर केलं होतं. जागा त्यांनी एका ओकच्या झाडापासून मोजली होती. वादळात ओक पडला, खोडही गेलं आणि महाल पुन्हा कुणालाच सापडला नाही. तेव्हापासून आमच्यात कुणी थाप मारली की लोक म्हणतात, "टोरकिल्डचा महाल!" अगदी त्यांच्यासमोरसुद्धा.

सगळे कडेनं उभे असतानाच माझ्या ब्रशला तळाच्या कोपऱ्यात काहीतरी लागलं. गोल! धातूचं! मधोमध भोक!

"ताईत!" मी ओरडले. "गळ्यात घालायचा! राणीचा असणार!"

वार्ताहरानं फोटो काढला. मी थुंकी लावून ताईत पुसला. आस्गर वाकला आणि त्यानं मोठ्यानं वाचलं, "पंचवीस ओरे. एकोणीसशे एक्क्याऐंशी."

चिल्लर नाणं! मग असा हशा उठला की शेजारच्या कुरणातल्या गायी माना वर करून बघू लागल्या!

"घाल की गळ्यात!" आस्गर म्हणाला. "आणि उद्यापासून खापरं धुताना काढू नकोस!"

एकटे टोरकिल्ड हसले नाहीत.

"इकडे दे ते, पोरी." त्यांनी हात पुढे केला. "चर बुजवण्याआधी आपण तळाशी काय ठेवतो?"

"त्या वर्षाचं नाणं," मी पुटपुटले. "म्हणजे पुढच्याला कळतं, की इथे आधी कुणीतरी खणून गेलंय..."

"हे मी ठेवलंय. माझ्या चरात. याच कोपऱ्यात."

माझा हुशार व्हायकिंग माझ्यासमोर काठी टेकून उभा होता! त्यांनी खणून, चाळून, परत भरलेली माती मी सकाळपासून पुन्हा खणली होती. आणि पुन्हा चाळली होती!

पण विबेकेनं एव्हाना चरात उडीच मारली होती. नाण्याच्या शेजारी पिवळ्या वाळूत काळपट वर्तुळाची अर्धी कोर दिसत होती.

"खांब!" ती ओरडली. "टोरकिल्ड, खांबाची खूण! महाल खरा आहे!"

"मग मी इतकी वर्षं काय सांगतोय, बाई?"

"उद्यापासून सगळे रिक्केच्या चरात!" विबेकेनं तिथेच निकाल दिला. आस्गरनं मला उचलून गरकन फिरवलं. "मूर्ख आहेस, पण नशीबवान!"

उरलेली माती टोरकिल्डचीच, म्हणजे ती जपायचं कारण नव्हतं. विबेकेनं खोदायचं मशीन मागवलं. आमची कॉफी संपायच्या आत बेंट ड्रायव्हरनं त्या जुन्या चराचा उरलेला अर्धा भाग साफ केला. आणि समोर काळ्या वर्तुळांची रांगच्या रांग! टोरकिल्डनी टोपी काढली. वार्ताहरानं त्यांच्याशी हात मिळवला. आम्ही घसा बसेपर्यंत हुर्रे केलं, त्यातही माझा आवाज सगळ्यात वर!

एवढ्यात बेंटनं केबिनमधून डोकं बाहेर काढलं. माझा अर्धा भाग त्यानं कौतुकानं न्याहाळला.

"काम छान झालंय," तो म्हणाला. "इकडे कुठलं मशीन लावलं होतं?"

"ब्रश," मी म्हटलं.