संयुक्त चौथऱ्याची यशोगाथा

जे हलत नाही तेच टिकते, हे बांधकामशास्त्राचे आद्य सत्य आहे. कलकत्त्यातील आमच्या मराठी मंडळाने ते १९५४च्या गणेशोत्सवात निर्विवाद सिद्ध केले. मंडळाचे पंचाहत्तर टक्के सभासद इंजिनिअर आहेत. उरलेल्या पंचवीस टक्क्यांचे जावई इंजिनिअर आहेत. (एक सभासद कीर्तनकार आहेत. त्यांना आकडेवारीतून वगळले आहे.)

आदल्या वर्षी ऐन आरतीत लाकडी चौरंग कलला आणि गणपती बोटभर पुढे सरकला. भाविकांना तो साक्षात्कार वाटला, कार्यकारिणीला दोष. दोषनिवारण अध्यक्ष श्यामकांतरावांकडे आले. ते गार्डन रीचच्या रेल्वे कचेरीत पुलांचे इंजिनिअर. त्यांनी सभेला नवे शास्त्र समजावले. पोलादी तुळईवर काँक्रीटची लादी नुसती ठेवली, तर दोघी एका चाळीतल्या दोन बिऱ्हाडांसारख्या. आपापले ओझे आपापल्या डोक्यावर. पण तुळईला पोलादी खुंट्या सांधून त्या ओल्या लादीत रुतवल्या, की दोघींचा संसार एक.

"मग कोणी कोणाला सोडत नाही," ते म्हणाले.

"आणि मूर्ती?" त्यांच्या पत्नी शकुनताईंनी विचारले.

"मूर्तीच्या बैठकीतही खुंट्या घालू. तीही घसरणार नाही."

"अनंत चतुर्दशीला?"

"शकुन, हा प्रश्न विषयपत्रिकेवर नाही."

ठराव एकमताने संमत झाला. हावड्याहून तुळया आल्या आणि उत्सवाच्या मैदानावर तसा चौथरा उभा राहिला. मूर्तीचे वजन दोन मण. चौथऱ्याची क्षमता एक रेल्वे इंजिन (कोळसा-पाण्यासह). उत्सवभर झांजा वाजल्या, मुलींनी फुगड्या घातल्या, देव केसभर हलला नाही.

अनंत चतुर्दशीला तर मुळीच हलला नाही. साऱ्या कार्यकारिणीने धोतरे खोचून जोर लावला. श्यामकांतराव घाम पुसत म्हणाले, "सांधा उत्तम आहे." त्यांच्या आवाजात बापाचे कौतुक होते.

मैदान मात्र मंडळाचे नव्हते, दुर्गापूजेच्या क्लबाचे होते. दुसऱ्या सकाळी क्लबाचे चिटणीस निताईबाबू आले आणि चौथऱ्याभोवती फिरले. "श्यामबाबू, गणेशबाबा अभी तक इधर बैठा है? हमारा माँ आएगा तो किधर बैठेगा? मैदान खाली नहीं हुआ तो अगला साल आपका पूजा इधर नहीं होगा."

मंडळाला दुसरे मैदान नव्हते. तातडीच्या सभेपुढे तीन उपाय आले:

(अ) चौथऱ्यासकट देव क्रेनने नदीवर नेणे. (गल्ली क्रेनपेक्षा अरुंद.)
(आ) मूर्ती खुंट्यांवरून कापणे. (कीर्तनकार सभात्याग करतील.)
(इ) उपसमिती. (मंजूर.)

उपसमितीच्या अध्यक्षपदासाठी मतदान चालू असताना शकुनताई उठल्या. "मातीच्या देवाला पाणीच हवं ना? चला ग, घागरी काढा." बायकांनी हुगळीपर्यंत रांग धरली. घागर हातोहात येई, देवाच्या मस्तकावर रिती होई, आणि रांगेतून ओवी परत जाई:

गंगेच्या ग पाण्यानं, माती हळूहळू गळे,
देव गेला त्याच्या घरी, मागं उरले ग खिळे.

सोंड गेली, कान गेले, पोट सर्वांत शेवटी गेले. श्यामकांतरावांचे डोळे भरून आले. ते वाकून खुंट्या पाहत होते. एकही वाकली नव्हती.

निताईबाबूंनी चौथऱ्यावर दोनदा उडी मारून पाहिली. "बहुत अच्छा. इस साल माँ इधर ही बैठेगा. मगर जाड़े में फुटबॉल होगा. तब तक ये तोड़ना, नहीं तो मैदान भूल जाना."

तोडकाम चालू आहे. आजवर टवके फक्त छिन्नीचे उडाले आहेत. प्रत्येक मोडलेली छिन्नी सभेत दाखवली जाते आणि श्यामकांतरावांच्या अभिनंदनाचा ठराव होतो. तोडकाम समितीही रीतसर नेमली आहे. मंडळाच्या प्रथेनुसार सभेला गैरहजर असलेल्या प्रत्येकाला तिच्यावर एकमताने निवडण्यात आले.

प्रस्तुत मजकुराचे वाचक त्या सभेत कुठेच दिसले नाहीत. रविवारी सकाळी यावे. छिन्नी आपली आपण आणावी.