तेवीस अग्निबाण आणि जोमा तांडेल यांची हकीकत

श्री सागरदेवता प्रसन्न. शके एकोणीसशें सेहेचाळीस, माघ शुद्ध पंचमी, ते दिवशीं सौदामिनीबाई परुळेकर एका राज्याच्या सागरतीरीं पावल्या. बाईंनीं लहानपणीं बापाच्या खांद्यावर बसोन अग्निबाण उडतां पाहिला होता, आणि तेव्हांपासोन जुने बाणतळ, म्हणजे बाण उडविण्याच्या जागा, शोधावे, कॅमेऱ्यानें टिपावे, हाच ध्यास जाहला. या तीरींच्या बाणतळावरून चाळीस वर्षांमागें तेवीस बाण अंतराळीं गेले. आतां राज्यकर्त्यांचा हुकूम कीं आठ दिवसांत तळ पाडावा, आणि मागाहून तेथें बंदर बांधावें. मग बाईंनीं चौथरा टिपिला, आणि गंजला मनोरा टिपिला, आणि जिच्याआड बसोन शास्त्रीमंडळी उलटे आंकडे मोजीत ती भिंत टिपिली. भिंतीवर कोणीं खिळ्यानें कोरिलें होतें, "आज नक्की उडेल." तें वाचोन बाईंनीं तेंही टिपिलें.

सोबत वाट दाखवावयास जोमा तांडेल, उमर ऐंशी, चाळीस वर्षांमागें तळाचे चाकर. बाईंनीं पुसिलें, "तांडेल, तुम्ही तर तेवीसही बाण पाहिले असतील!"

तांडेल हांसले आणि बोलिले, "एकही नाहीं, बाई. समुद्रांतल्या होड्या माघारीं आणायच्या, ही माझी चाकरी. बाण उडे तेव्हां मी पाण्याकडे तोंड करोन असें. बाणाच्या वाटेखालीं एक होडी राहिली तरी माणूस जायचा."

"वळोन पाहावेंसें वाटलें नाहीं?"

"वाटे तर! पाठ तापायची, पाणी तांबडें व्हायचें, मग समजायचें कीं गेला. शेवटच्या बाणास वळणार होतों. तों आंकडे सुरू होण्याआधीं धाकट्या भावाची होडी लांब दिसली. धांवलों, ओढून आणिली, पण मन धास्तावलें, नजर पाण्यावरून हालेना."

"भाऊ?"

"आहे कीं. अजून भांडतो."

मग बाईंनीं थैलींतून शेवटच्या उड्डाणाचें जुनें छायाचित्र काढिलें आणि तांडेलांचे हातीं दिधलें. मधोमध बाण, खालीं ज्वाळांचा लोट, एका कोपऱ्यांत समुद्र. तांडेलांनीं चष्मा पुसोन फार वेळ पाहिलें. आणि बोट बाणावर न ठेवितां कोपऱ्यावर ठेविलें.

"पाणी मोकळें आहे," ऐसें बोलिले, आणि डोळे भरोन आले.

बाईंनीं त्यांस चौथऱ्यावर उभें केलें. तांडेल समुद्राकडेच तोंड करोन उभे राहिले, आणि बाईंनीं त्यांस वळावयास सांगितलें नाहीं. तैसेंच टिपिलें.

आठवे दिवशीं तळ पडला. सारांश, बाण तेवीस गेले, माणूस एकही गेला नाहीं. पाहिलें ऐकिलें तें लिहिलें.