पोळपाटावरचे स्पीकर

"दोन स्पीकर बसवायचे एवढे पैसे? अहो, तेवढ्यात मी व्हॅनला नवं दार बसवीन!" असं सुनावून मेघना लालबागच्या दुकानातून ताठ मानेनं बाहेर पडली. चार स्क्रू काढायचे, चार लावायचे. त्यात काय एवढं!

व्हॅन सासऱ्यांची, लवूबाबांची. वय वर्षं एकोणीस. पुढच्या दोन्ही दारांतले स्पीकर असे फाटले होते की भजन लावा नाहीतर बातम्या, ऐकू यायचं ते एकच, फर्रर्र! जणू दारात उभा राहून रेडा पाणी पितोय.

इतकी वर्षं त्यानं कुणाचं काही अडलं नव्हतं. पण आता मेघनाची बँकेतली बढतीची परीक्षा आठवड्यावर आली होती आणि आठ महिन्यांची मनू दिवसा घरात डोळा मिटत नव्हती. व्हॅनमध्ये मात्र भजन लावून काळाचौकीहून निघालं, की परळ नाका येईतो पोर गाढ! मग माटुंग्याला झाडाखाली गाडी लावायची आणि मोबाइल स्पीकरला जोडून क्लासच्या सरांचे पाठ ऐकायचे. दिवसातला तेवढाच एक तास तिचा. पण सर बिचारे तोंडात चूळ धरून शिकवल्यासारखे वाटायचे.

"हेडफोन लाव की," नवरा म्हणाला.

"आणि मागे मनू रडली तर, वैभव? तू ऑफिसातून ऐकणारेस?"

वैभव डबा उचलून ऑफिसला पळाला.

मंडळाचा साउंड सांभाळणारा स्वप्नील देवासारखा धावून आला. "वहिनी, मंडळाचे दोन पडून आहेत. जुने द्या, हे घ्या. असा आवाज, की सर मांडीवर येऊन बसतील!"

"मांडीवर जागा नाही रे. तिथे मनू असते."

रविवारी दारांची आतली अस्तरं निघाली. अकरा क्लिपा होत्या, नऊ तुटल्या. नव्या स्पीकरच्या पाठीला नारळाएवढं चुंबक! बसवला, तर काच खाली येईना.

"मध्ये जाड लाकडी कडं पाहिजे, वहिनी. एवढं गोल, मधे भोक."

मेघनाची नजर स्वयंपाकघराकडे गेली. पोळपाट! दुसरा तिनं शेजारच्या सुचित्राकाकूंकडून आणला. पाहुणे येणारेत, असं सांगून. स्वप्नीलनं दोन्ही पोळपाटांना मधोमध भोकं पाडली.

लवूबाबा दाराशी येऊन बघत राहिले. "गो मेघना, आता चपाती दारार लाटूची काय?"

पण आवाज! सर आवंढा गिळत होते तोही ऐकू येत होता. मेघनाला भरून आलं.

संध्याकाळी काकूंनी विचारलं, "आले का गं पाहुणे?"

"आले, काकू. कायमचेच आले."

सोमवारी परळ गेलं, दादर गेलं, माटुंगा आलं. मनू टक्क जागी! पहिल्या बाकावरच्या हुशार मुलीसारखी सरांचं ऐकत होती. मग तिनं जो सूर लावला, तो गाडी फिरवत फिरवत वरळी गाठली तरी ओसरला नाही. आवाज कमी केला, वाढवला, अंगाई लावली, अभंग लावला. छे! मंगळवारीही तेच. पाठ एकही नाही.

बुधवारी लवूबाबा सोबत बसले. परळला त्यांनी कान टवकारले. "गो बाय, तां फर्रर्र खंय गेलां? चेडू तेच्यारच निजत होतां!"

म्हणजे पोर झोपायची ती त्या फाटक्या आवाजावर! मेघनानं गाडी तशीच वळवली आणि मंडळाचं ऑफिस गाठलं.

"जुने स्पीकर?" स्वप्नीलनं डोकं खाजवलं. "ते तोडले, वहिनी. चुंबकं तेवढी कामाला आली." त्यानं लोखंडी फळ्याकडे बोट दाखवलं. तिच्या पोरीची झोप तिथे एक कागद धरून बसली होती: 'कृपया आवाज मर्यादेत ठेवावा.'

"मग या नव्यांना टाचणीनं भोकं पाडते!"

"वहिनी! मंडळाचा माल आहे! पाप लागेल!"

मेघना व्हॅनच्या मागच्या सीटवर मनूजवळ जाऊन बसली. कुणी सांगितलं होतं हे उद्योग करायला? चांगली निजत होती की लेक! रडून रडून मनूचे कान लाल झाले होते. मेघनानं तिला छातीशी घेतलं आणि काहीच सुचेना म्हणून ओठ मिटून केलं, फर्रर्र.

मनू थांबली. ओल्या मुठीत तिनं आईचं बोट धरलं आणि दोन मिनिटांत झोपली. मेघना थांबली, तसे डोळे उघडले! पुन्हा फर्रर्र.

उरलेले तीन दिवस माटुंग्याच्या झाडाखाली असेच गेले. पुढे सर स्वच्छ, खणखणीत आवाजात पाचवं प्रकरण समजावत होते, आणि मागे मेघना तासभर फर्रर्र करत होती. स्वतःच्याच कवटीत घुमणाऱ्या त्या आवाजात तिला सरांचं एक अक्षरही कळत नव्हतं. ओठांना मुंग्या यायच्या. पण मांडीवरचा तो झोपलेला चेहरा बघून थांबवतही नव्हतं.

रविवारी दादरला परीक्षा. प्रश्नपत्रिका उघडली. पाचवं प्रकरण! अठरा गुणांना! मेघनानं डोळे मिटले, सरांचा शब्द न् शब्द आठवायचा जिवापाड प्रयत्न केला. काहीतरी ओठांवर आलंसुद्धा...

तेवढ्यात मागच्या बाकावरच्या मुलीनं हळूच पाठीवर टिचकी मारली.

"मॅडम, ते फर्रर्र जरा बंद करता का? मला झोप येतेय."