पाच पानांचा रस्ता

हेडक्लार्कने फक्त खुर्ची सावलीत सरकवली. पुढे जे काही झालं ते तेवढ्यावरून झालं.

रस्ते खात्याला त्या वर्षी नवीन खूळ लागलं होतं. डोंगरातल्या जंगलातून जाणाऱ्या शांत रस्त्यांचा नकाशा छापायचा, खास सायकलवाल्यांसाठी. जितका रस्ता शांत तितकी त्याच्यापुढे हिरवी पानं. एक पान म्हणजे जीव मुठीत धरून जा, पाच पानं म्हणजे नुसती पाखरं ऐकत जा. पानांची कल्पना मोठ्या साहेबांची. (साहेब शेवटचे सायकलवर बसले तेव्हा त्यांच्या डोक्यावर केस होते.) पानं ठरवायची तर गाड्या मोजायला हव्यात, म्हणून ऑफिसातल्या सात जणांना सात रस्त्यांवर एकेक खुर्ची आणि गाडी गेली की बटण दाबायचं असं एकेक यंत्र देऊन बसवलं. सकाळी नऊ ते संध्याकाळी चार.

हेडक्लार्कच्या वाट्याला खिंडीचा रस्ता आला. वरच्या जंगलात लाकूडतोड, खाली सॉ मिल, आणि मधल्या चौदा किलोमीटरवर ओंडक्यांनी भरलेल्या लॉऱ्या. हे अख्ख्या गावाला माहीत होतं, त्यालाही होतं. पण ऊन तोंडावर येत होतं म्हणून त्याने खुर्ची सावलीत सरकवली. सावलीत बरं वाटलं म्हणून डबा उघडला. डबा संपला म्हणून डोळे मिटले, अगदी पाच मिनिटांसाठी. तेव्हा साडेदहा वाजले होते. उघडले तेव्हा साडेतीन वाजले होते आणि यंत्रावर आकडा होता दोन. चारला ऑफिसची जीप न्यायला आली, तिचं बटण त्याने प्रामाणिकपणे दाबलं. तीन. (पहिलं बटणही त्याच जीपचं होतं, सकाळी सोडायला आली होती. मधली एक दुधाची गाडी.)

'झोप लागली, मोजणी पुन्हा घ्यावी.' पाच शब्द. पंचावन्न वर्षांच्या माणसाला एवढे लिहायला काय हरकत होती? पण मोठी माणसं लहानांना खरं बोलायला शिकवतात, ते घरात कुणीतरी एकाने बोललं म्हणजे झालं अशा हिशोबाने. त्याने लिहिलं, 'एकूण वाहने : तीन.' अक्षर सुरेख होतं आणि खात्यात अक्षरच बघतात. नकाशा छापून आला. सात रस्त्यांत पाच पानांचा एकच, हेडक्लार्कचा. साहेबांनी सगळ्या स्टाफसमोर त्याची पाठ थोपटली आणि तो लाजलासुद्धा.

एवढ्यावर मिटलं असतं. पण हेडक्लार्कच्या बायकोचे गुडघे दुखायला लागले.

ती सरकारी दवाखान्यात नर्स. डॉक्टरांनी सायकल चालवा म्हणून सांगितलं आणि तिने दुसऱ्या दिवशी सायकल आणली. (त्याला डॉक्टरांनी चालायला सांगून नऊ वर्षं झाली होती.) गुरुवारी जेवणं झाल्यावर तिने टेबलावर नकाशा पसरला आणि चष्मा लावला. मुलगी खाली फरशीवर कागद पसरून आईच्या सायकलची साखळी पुसत बसली होती. मुलीने कॉलेज सोडून सायकलच्या दुकानात काम धरलं होतं आणि ही गोष्ट घरात एखाद्या दुखण्यासारखी हळू आवाजात सांगितली जाई.

"अहो, हा खिंडीचा रस्ता तुमचाच ना?"

"माझा म्हणजे खात्याचा."

"शनिवारी मला सुट्टी आहे. मी हाच करणार. खिंडीपर्यंत."

हेडक्लार्कच्या हातातला पाण्याचा पेला तोंडापर्यंत जायचा राहिला. "अगं, चढ फार आहे तिथं."

"इथं 'मध्यम' लिहिलंय."

"अस्वलं असतात."

"'वन्य प्राण्यांचा उपद्रव आढळला नाही.' खाली तुमचीच सही आहे."

"सही काय, कुणीही करतं."

"बाबा, तुम्ही तिथं अख्खा दिवस बसला होतात ना?" मुलीने मान वर न करता विचारलं. "मग तेव्हा अस्वल आलं असतं तर दिसलं नसतं का?"

"तू साखळी पूस."

"पुसतेच आहे. मी फक्त विचारलं."

बायको नकाशाची घडी घालता घालता म्हणाली, "तिचं काय ऐकता. सव्वीस वर्षांत तुम्ही ऑफिसात केलेलं काहीतरी माझ्या उपयोगाला येतंय. येऊ द्या की."

झालं. हेडक्लार्कला आता खरं सांगणं शक्यच नव्हतं. असलं वाक्य त्याच्या वाट्याला सव्वीस वर्षांत पहिल्यांदा आलं होतं. खरं बोलावं तर ते वाक्य जातं, गप्प बसावं तर बायको ओंडक्यांच्या लॉरीसमोर जाते. रात्रभर त्याने दोन्हीचा विचार केला आणि अशी माणसं नेहमी करतात तेच केलं. आपलं निस्तरायला दुसऱ्या कुणाकडे तरी गेला.

शुक्रवारी दुपारी तो सॉ मिलच्या मुकादमापुढे उभा राहिला. मुकादम करवतीचं पातं पारखत होता.

"उद्या सकाळी दोन-तीन तास गाड्या थांबवता येतील का?"

"कुठल्या गाड्या?"

"तुमच्या. खिंडीच्या रस्त्यावरच्या."

मुकादमाने पातं खाली ठेवलं, हात पुसले आणि खिशातून घडी घातलेला नकाशा काढला. "भाऊसाहेब, तुमच्या खात्याप्रमाणे त्या रस्त्यावर आमची एकही गाडी नाही. नसलेली गाडी थांबवायची कशी, तेवढं जरा लेखी द्या. लगेच थांबवतो."

मागे दोन करवतवाले हसले. एकाला तर काम थांबवावं लागलं.

शनिवारी पहाटे हेडक्लार्कने शेजाऱ्याची सायकल मागून आणली आणि मीही येतो म्हणाला. बायकोने त्याच्याकडे आपादमस्तक बघितलं. मुलीने दोन्ही सायकलींच्या चाकांत हवा भरली. "बाबा, ब्रेक लागतात," ती म्हणाली. "दम तेवढा तुमचा तुम्ही आणा. तो दुकानात मिळत नाही."

आणि रस्ता खरोखर सुंदर होता, याला इलाज नाही. दोन्ही बाजूंनी उंच झाडं, त्यांच्या बुंध्यांवर शेवाळ, कठड्याखालून ओढ्याचा आवाज आणि डांबरावर उन्हाचे तुकडे. बायको पुढे, एका लयीत, पाठ ताठ. तो मागे, तीन वेगवेगळ्या लयींत. पहिल्या चार किलोमीटरमध्ये एकही गाडी आली नाही. पाचव्यात तर त्याला आपला रिपोर्ट खरा वाटायला लागला. (दोनदा सांगितलं की स्वतःलाच पटतं, ही सोय फक्त वडीलधाऱ्यांना असते.) "बघ," तो मागून धापा टाकत म्हणाला, "आहे की नाही शांत?"

तेवढ्यात वरच्या वळणावरून घरघर ऐकू आली.

हेडक्लार्कने सायकल टाकली. सायकलवर बसताना नव्हतं दाखवलं तेवढं चापल्य दाखवत तो पुढे धावला आणि बायकोचं हँडल धरून तिला कठड्याशी ओढलं. "थांब. उतर. गाड्या आहेत इथं. पुष्कळ आहेत. मी मोजल्याच नाहीत. मी झोपलो होतो."

बायको शांतपणे उतरली. सायकल स्टँडवर लावली. "माहीत आहे," ती म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"झोपला होतात ते. त्या दिवशी घरी आलात तेव्हा गालावर खुर्चीच्या पट्ट्या उमटलेल्या होत्या. तीस वर्षं नर्स आहे मी. दमून आलेला माणूस कुठला आणि झोपून आलेला कुठला, एवढं कळतं. तुम्ही कधी सांगता याची वाट बघत होते. महिना लावलात."

"मग हाच रस्ता का धरलास?"

"अहो, या रस्त्याच्या कडेला तुम्ही पाच तास घोरत पडला होतात आणि तुमच्या अंगावरून काही गेलं नाही. याच्याहून सुरक्षित रस्ता त्या नकाशात दाखवा मला."

वळणावरून लॉरी आली, ओंडक्यांनी गच्च भरलेली, आणि माणसाच्या चालीने त्यांच्याशेजारी येऊन थांबली. ड्रायव्हरने आधी बायकोला मान लववली. त्याच्या दंडात तिने कितीतरी सुया खुपसल्या होत्या.

"सिस्टर, बरं चाललंय ना? आणि भाऊसाहेब आज जागे?"

हेडक्लार्क ओढ्याकडे बघायला लागला.

"त्या दिवशी काय झालं सिस्टर, ह्यांची खुर्ची निम्मी डांबरावर. सावली तिथंच होती ना. मी पहिला आलो, बघितलं आणि मागच्याला फोन केला की पुढं भाऊसाहेब झोपलेत, हळू काढ. त्याने त्याच्या मागच्याला सांगितलं. एक्केचाळीस गाड्या काढल्या आम्ही अशा, पहिल्या गिअरमध्ये, हॉर्न न वाजवता. पुढं सवयच लागली. आता त्या वळणावर कुणी जोरात जातच नाही."

"म्हणजे रस्ता शांत झाला," बायको म्हणाली.

"झाला की. ह्यांच्यामुळेच झाला."

हेडक्लार्कला हे कौतुक धरावं की काय ते कळेना, पण मिळतंय तर घेतलं. छातीवरचं ओझं उतरल्यामुळे त्याला एकदम हलकं वाटलं आणि त्या हलकेपणात तो आणखी दोन किलोमीटर चढला. मग पाय संपले. सातव्या किलोमीटरच्या दगडावर तो बसला तो उठेचना. बायकोने त्याची नाडी बघितली, पाणी पाजलं आणि खाली चाललेल्या पुढच्या लॉरीला हात केला.

"ह्यांना मिलपर्यंत सोडा. मी खिंड करून येते."

त्याला केबिनमध्ये चढवलं. सायकल मागे ओंडक्यांवर बांधली. खिडकीतून त्याने बघितलं, बायको वरच्या वळणावर पोचली होती, तशीच पाठ ताठ, आणि गुणगुणत होती. लग्नानंतर तिला गुणगुणताना त्याने दोनदाच ऐकलं असेल. सगळं कळून झालं होतं, कुणी रागावलं नव्हतं, झाडांची सावली काचेवरून सरकत होती. केबिन उबदार होती. त्याने डोळे मिटले, अगदी पाच मिनिटांसाठी.

मिलच्या वजनकाट्यापुढे त्या दिवशी लॉऱ्यांची मोठी रांग होती. बायको खिंड गाठून, तिथं बसून, उतार उतरून खाली आली तरी ह्यांची लॉरी नुकतीच काट्यावर चढत होती. काटेवाल्याने केबिनमध्ये डोकावून बघितलं. हेडक्लार्कचं तोंड उघडं होतं.

"सिस्टर, माल तोलायचा तर भाऊसाहेबांना उतरवावं लागेल."

हेडक्लार्कला आता जाग आली होती. पण उतरायचं म्हणजे मुकादमासमोरून, करवतवाल्यांसमोरून चालत जायचं, म्हणून तो डोळे मिटून तसाच पडून राहिला. बायकोने त्याच्या पापण्यांकडे नीट निरखून बघितलं आणि तिच्या लक्षात यायचं ते आलं.

"राहू द्या," ती काटेवाल्याला म्हणाली. "लाकडातच धरा."