धुरपताबाईचा सर्वे

"संशोधन तुम्हीच करायचं," संस्थेचे दिनकरराव म्हणाले. विहाराच्या ओट्यावर बसलेल्या बायांनी एकमेकींकडं पाहिलं. परभणीत रुळांमागच्या या वस्तीत अपंग लेकरांच्या आयांना बाहेरच्यांनी येऊन प्रश्न विचारायचे, ही पद्धत आता जुनी झाली होती. नव्या पद्धतीत एका आईनं दुसरीच्या घरी जाऊन विचारायचं. प्रकल्पाला पैसे देणाऱ्या पुण्याच्या साहेबांना ही कल्पना फार आवडली होती. शुक्रवारी ते बघायला येणार होते, आणि नाराज झाले तर प्रकल्प जालन्याला जाणार होता.

"अन् आमी तिकडं गेल्यावर लेकराला कोण बघंल?" धुरपताबाईनं विचारलं. तिचा सूर्यभान नऊ वर्षांचा झाला तरी मान धरत नव्हता. आडवा ठेवला की ठसका लागायचा. त्यामुळं दिवसा धुरपताबाईची पाठ भुईला टेकलेली वस्तीत कुणी पाहिली नव्हती.

"आपसात बघा," दिनकरराव म्हणाले.

बायांनी आपसात बघितलं. शुक्रवारी तानुबाई सरजाबाईकडं प्रश्न विचारायला आली, तेव्हा सरजाबाईनं आपली लेक मुनी तिच्या मांडीवर दिली आणि ती स्वतः धुरपताबाईकडं विचारायला निघाली. तिथं तिनं सूर्यभानला घेतलं.

"इचार," धुरपताबाई म्हणाली. पहिला प्रश्न पुरा होईस्तोवर ती घोंगडीवर आडवी होऊन घोरायला लागली होती.

तेवढ्यात दिनकरराव धापा टाकत आले. "साहेबांची जीप रेल्वेच्या फाटकापाशी अडकलीय. उठवा हिला."

"कशी उठवू, सर? हात गुतलेत. तुमी याला धरा जरा. तिकडं तानुबाईला नळाला जायचंय, माझी मुनी घेऊन येते."

दिनकरराव नको म्हणायच्या आत सूर्यभान त्यांच्या सफारीला टेकला होता.

"उभा धरा. मान हातावर घ्या. बसू नका, त्याला हालतं लागतंय," एवढं सांगून सरजाबाई गेली ती गेलीच.

दिनकरराव येरझारा घालू लागले. "धुरपताबाई, उठा," त्यांनी जरा मोठ्यानं म्हटलं. बाई उठली नाही. सूर्यभान मात्र दचकून असा रडला की त्यांनी पुन्हा हाक मारली नाही. मग खांदा भरून आला. मग सफारी ओली झाली. बऱ्याच वेळानं पोराची मान त्यांच्या गळ्याशी जड झाली आणि लाळ कॉलरीतून आत उतरली.

"वा, दिनकरराव." साहेब दारात उभे होते. "आपल्या संशोधक बाई कुठंयत?"

दिनकररावांनी हनुवटीनं घोंगडी दाखवली.

"झोपल्या? अहो, उठवा त्यांना. मला परतीची गाडी गाठायचीय."

"हळू बोला."

साहेबांना असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं. दिनकररावांनीही नोकरी लागल्यापासून कुणाला म्हटलं नव्हतं.

"मग मी विचारू कुणाला?" साहेबांनी दबक्या आवाजात विचारलं.

"उद्या या," दिनकरराव येरझारा न थांबवता म्हणाले.

धुरपताबाईनं कूस बदलली.